मॅग गार पडलं की पिस्तूल रुसतं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या, म्हणजे बीबी, मारायच्या खेळाच्या) गॅस पिस्तुलाचा नुसता ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा प्रश्न एकच, शब्द तेवढे वेगळे, "सगळ्यात पॉवरफुल गॅस कुठला?" आधीच सांगून ठेवते, उत्तरांमध्ये पॉवर हा शब्द कमी येईल आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्या आणि गॅस भरायचा कप्पा, थोडक्यात मॅग, हा जास्त.

ताई, पहिलंच पिस्तूल घेतोय. एक मित्र म्हणतो सीओटूच घे, दणका मिळतो. दुसरा म्हणतो ग्रीन गॅस. आणि मला आवडलंय टोक्यो मारुईचं हाय-कापा ५.१, त्याला म्हणे १३४ए लागतो. नक्की काय करू? – गोंधळलेला

पिस्तूल आवडलंय ना, मग गॅस त्यानेच ठरवलाय, आता तुम्ही ठरवायचा नाही.

होतं काय बघा, मॅगमध्ये गॅस द्रवरूपात असतो, त्यातला थोडा थोडा उकळून वर दाब तयार होतो आणि त्या दाबावर बीबीही सुटतो आणि स्लाइडही (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे जाते. २० अंश सेल्सिअसला १३४एचा दाब साधारण ५.७ बार, ग्रीन गॅसचा ८.४ बारच्या आसपास (ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेनच, त्यात थोडं सिलिकॉन ऑइल घातलेलं, नावावर जाऊ नका) आणि सीओटूचा ५७ बार. हो, सत्तावन्न. सीओटूच्या मॅगचा व्हॉल्व्ह त्या हिशोबाने केलेला असतो म्हणून पिस्तूल हातात फुटत नाही, पण प्रत्येक गोळीला नोझल, स्लाइड, आतले छोटे पार्ट सगळे जास्त मार खातात.

हाय-कापाची स्लाइड एबीएस प्लास्टिकची, कारण ते पिस्तूल जपानच्या बाजारासाठी बनतं आणि १३४एच्या कमी दाबाच्या हिशोबानेच केलेलं असतं. हलकी स्लाइड, कमी दाब, जोडी छान जमते, आणि खरं सांगते सराव करायला इतकं गोड पिस्तूल दुसरं नाही. त्यात ग्रीन गॅस भरला तर चालतं का? चालतं, आणि तिथेच माणूस फसतो. मीही फसले होते, दोन महिने ऐटीत ग्रीन गॅस भरून खेळले, मग एक दिवस स्लाइडवरच्या खिडकीच्या (खऱ्या पिस्तुलात रिकामी काडतुसं जिथून बाहेर पडतात ती) कडेला केसासारखी रेघ दिसली, म्हटलं ओरखडा असेल, पुढच्या खेळात स्लाइडचा पुढचा तुकडा माझ्या बुटाजवळ पडलेला.

आता यातली मेख अशी की गॅसचं नाव जेवढं महत्त्वाचं तेवढंच त्या दिवशीचं तापमान. १३४ए ३५ अंशाला गेला की त्याचा दाब ९ बारच्या जवळ जातो, म्हणजे २० अंशाच्या ग्रीन गॅसपेक्षाही थोडा जास्तच. आणि उलट बाजूने ग्रीन गॅस ५ अंशाला उतरला की साडेपाच बार, म्हणजे छान हवेतल्या १३४ए इतकाच. त्यामुळे "माझ्याकडे ग्रीन गॅस चालतो" या वाक्याला हवा कशी होती हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही. प्लास्टिक स्लाइड असेल तर १३४ए, आणि कडक उन्हात तोही मॅग सावलीत ठेवून. मेटल स्लाइड असेल तर ग्रीन गॅस, कारण जड स्लाइडला १३४ए गारठ्यात ढकलूच शकत नाही. सीओटू तेव्हाच, जेव्हा पिस्तूल आणि मॅग दोन्ही त्यासाठीच बनवलेत, आणि १२ ग्रॅमचं काडतूस एकदा फोडलं की ते संपवायचं, अर्धं उद्याला ठेवू हा प्रकार नाही. शिवाय ३१ अंशाच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, त्यामुळे तापलेल्या मॅगमध्ये दाब भसाभस चढतो. पहिल्या पिस्तुलासाठी मी तरी सीओटू सांगणार नाही, मित्राला दणका हवाय तर मित्राने घ्यावं.

पिस्तूल उन्हाळ्यात मस्त चाललं, थंडी आली तसं बिघडलंय. पहिल्या दहा-बारा गोळ्या ठीक, मग आवाज बसतो, शेवटच्या गोळीला स्लाइड मागे अडकत नाही, कधी कधी नळीतून पांढरा धूर येतो. दुरुस्तीला टाकू का? – गारठलेली

अजिबात नको, पिस्तूल ठणठणीत आहे, मॅगला हुडहुडी भरलीये.

द्रवाचा गॅस व्हायला उष्णता लागते आणि ती तो मॅगच्या धातूतूनच ओढून घेतो. घाम वाळताना अंगाला गार लागतं ना, तेच. एक एक गोळी सावकाश मारली तर मॅगला हवेतून आणि तुमच्या तळहातातून ऊब परत मिळते, धडाधड मारल्या की मिळत नाही, मॅग बर्फासारखं होतं, दाब पडतो, आणि दाब पडला की स्लाइड पूर्ण मागे जायला जोर उरत नाही. पांढरा धूर म्हणजे उकळायला वेळ न मिळालेला द्रवच नळीतून बाहेर पडतोय, वायाच जातोय तो.

उपाय साधे आहेत. मॅग कमरेच्या उघड्या पाऊचमध्ये न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. एकच मॅग भरून भरून वापरण्यापेक्षा तीन-चार मॅग फिरते ठेवायचे, एक वापरात, बाकी खिशात ऊब घेतायत. नवीन पिस्तुलाचा मोह झाला की आधी त्याच पैशात जुन्याचे मॅग घ्या, हे माझं पालुपद झालंय, पण खरंच. मोठं, जाड, दोन रांगांचं मॅग सडपातळ मॅगपेक्षा उशिरा गार पडतं, हेही पुढच्या खरेदीत लक्षात ठेवा. आणि भरताना गळ्यापर्यंत भरू नका, द्रवाच्या वर मोकळी जागा नसेल तर तो उकळणार कुठे, मग धूर ठरलेला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. लायटर, हीटर, उकळतं पाणी, हेअर ड्रायर यातलं काहीही मॅगला किंवा डब्याला लावायचं नाही. प्रोपेन पेट घेतो आणि बंद डब्यातला दाब तुम्हाला विचारून चढत नाही. हातांची ऊब पुरेशी नसेल इतकी थंडी असली, समजा ५ अंशाच्या खाली, तर त्या दिवशी बॅटरीवरचं इलेक्ट्रिक पिस्तूल न्या, त्याला ब्लोबॅकची, म्हणजे प्रत्येक गोळीला गॅसने स्लाइड मागे फेकली जाण्याची, मजा नाही आणि जोरही बेताचा, पण ते पहिल्या गोळीला जसं तसंच शेवटच्या गोळीला.

मला जाड नंबरचा चष्मा आहे. चष्म्याच्या काचा पॉलीकार्बोनेटच्या आहेत, तेवढ्यावर खेळलं तर चालेल ना? जाळीचा मास्क धुकं धरत नाही म्हणतात, तो घेऊ का? – चष्मिस

नाही आणि नाही. काच चांगली असली तरी चष्म्याच्या बाजूने, खालून, वरून बीबी आत जातो, आणि फ्रेममधून काच निसटून डोळ्यावर येते ती वेगळीच.

गॉगल घेताना त्यावर कोरलेली अक्षरं वाचा. ईएन १६६ या युरोपियन स्टँडर्डमध्ये "एफ" म्हणजे ६ मिलिमीटरचा, ०.८६ ग्रॅमचा स्टीलचा गोळा सेकंदाला ४५ मीटरने आदळला तरी टिकतं, "बी" म्हणजे तोच गोळा १२० मीटरने. हिशोब केला तर एफ म्हणजे ०.८७ ज्यूल (ज्यूल हे गोळीतल्या ऊर्जेचं माप) आणि बी म्हणजे सहाच्या वर. आता साधं गॅस पिस्तूलच पाऊण ते एक ज्यूल फेकतं, म्हणजे एफ अगदी काठावर. बी घ्या, आणि बी चष्म्यासारख्या फ्रेमला मिळतच नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. अमेरिकन माल असेल तर झेड८७ नंतर प्लसचं चिन्ह आहे ना ते बघा.

जाळीला धुकं येत नाही हे खरं, पण बीबी जवळून भिंतीवर किंवा जाळीवरच फुटला की त्याचे कण आत येतात. जाळी तोंडाला लावा, दात वाचतील (पुढचा दात तुटलेला माणूस पाहिलाय मी, हसताना अजून हात तोंडावर जातो त्याचा), डोळ्यांना मात्र बंद लेन्सच. चष्मा आत मावेल असा मोठा गॉगल किंवा आत नंबरची काच बसवता येते असा, आणि धुक्यासाठी दुहेरी काचेचा किंवा छोटा पंखा असलेला. धुकं आलं म्हणून मैदानात गॉगल वर करायचा नाही, आंधळ्यासारखं हात वर करून बाहेर या, कोणी हसणार नाही.

०.२० ग्रॅमच्या बीबीने क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) पास झालो, ०.२८ भरून परत मोजलं तर मार्शल, म्हणजे मैदानाचा पंच, म्हणाला लिमिटच्या वर. वेग तर कमी दाखवत होता! – फसवलं गेलेला

फसवलं नाही हो कुणी. मैदानाची लिमिट बहुतेक वेळा ज्यूलमध्ये असते, आणि ज्यूल म्हणजे निम्मं वजन (किलोत) गुणिले वेगाचा (सेकंदाला मीटरमध्ये) वर्ग. ०.२० चा बीबी सेकंदाला ३०० फुटाने गेला तर ०.८४ ज्यूल. ०.२८ ला तेवढेच ज्यूल ठेवायचे तर वेग २५३ च्या आसपास यायला हवा. पण गॅसच्या पिस्तुलात जड बीबी नळीत जरा जास्त वेळ रेंगाळतो, मागून गॅस ढकलतच असतो, म्हणून वेग हिशोबाएवढा उतरत नाही आणि एनर्जी चढते. तुमचा २७५ आला असेल तर झाले की ०.९८ ज्यूल. म्हणून मोजायचं ते ज्या बीबीने खेळणार त्यानेच, आणि सकाळच्या गारव्यात मोजलेलं पिस्तूल दुपारी उन्हात तापल्यावर आणखी चढतं हे मार्शलला माहीत असतं, तुम्हीही थोडी जागा ठेवूनच या.

लिमिट देशागणिक वेगळी. जपानात २००६ च्या कायद्यातल्या बदलानंतर ०.९८ ज्यूल, ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने ऑटोमॅटिकला १.३ आणि एकेक गोळीवाल्याला २.५, पण मैदानवाले, त्यातून बंदिस्त जागेतले, याहून कमीच ठेवतात. आधी फोन करून विचारा मग बीबी घ्या. पिस्तुलाला ०.२५ ते ०.२८ हे वजन मला सगळ्यात आवडतं, हॉप-अप नीट लावलं, म्हणजे बीबीला पुरेशी उलटी फिरकी मिळाली, की २५ मीटरपर्यंत सरळ जातात.

मॅगमधून रात्रभर सूं सूं करत गॅस जातो. नवं घेऊ? – एक वाचक

थांबा. साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतायत बघा, खालच्या भरायच्या व्हॉल्व्हमधून, मागच्या व्हॉल्व्हमधून की तळाच्या पट्टीतून, आणि मग नीट वाळवा. बहुतेक वेळा एखादी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) सुकलेली असते. भरायच्या व्हॉल्व्हवर शुद्ध सिलिकॉन ऑइलचे दोन थेंब टाकून गॅस भरा, तो तेल आत नेतो. गंजाचे स्प्रे किंवा मशीनचं तेल नको, रबर फुगतं. नाहीच थांबलं तर ओ-रिंग बदला, आणि पुढे खेळ संपल्यावर मॅग पूर्ण रिकामं न ठेवता थोडा गॅस आत राहू द्या, रबर दाबाखाली राहिलं की जागेवर बसतं. सीओटूचं उलटं, काडतूस काढूनच ठेवायचं.

होल्स्टर खऱ्या पिस्तुलाचं चालेल का? आणि ६.०१ मिलिमीटरची टाइट बॅरल, म्हणजे अरुंद नळी, घातली तर नेम सुधारेल? – दोन प्रश्न माफ

खऱ्याचं होल्स्टर कधी बसतं कधी नाही, एअरसॉफ्टच्या कॉपीत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्यात पिस्तूल एकतर अडकतं नाहीतर पळताना पडतं. पिस्तूल सोबत नेऊनच घ्या, आणि लाइट लावणार असाल तर लाइट लावून.

बॅरलचं राहू द्या. बीबी ५.९५ चा, नळी ६.०१ ची, मध्ये जागा केसाएवढी, स्वस्तातला शिवण असलेला एक बीबी गेला की अडकलाच. आधी आहे ती नळी पुसा, फिरकी देणारं हॉपचं रबर बदला, चांगले बीबी वापरा. नव्वद टक्के लोकांचा नेम नळीने नाही, ट्रिगर झटकल्याने जातो, माझाही जातो.

मुलगा या खेळात पडलाय. घरात काय काळजी घेऊ? – आई

मॅगमधून बीबी काढले, चेंबर (नळीच्या मागची बीबी बसायची जागा) रिकामं केलं, आणि मगच गॉगल उतरवला, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलाय का ते बघा, तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. गॅसचा डबा गाडीत तापत ठेवायचा नाही, डब्यावर ५० अंशाच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. भरायचं ते मोकळ्या हवेत, गॅसच्या शेगडीपासून आणि सिगरेटवाल्यांपासून लांब. आणि घरून मैदानापर्यंत पिस्तूल बंद बॅगेतच, रस्त्यात मित्रांना दाखवायला बाहेर काढायचं नाही, लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं, मग तो पोलिसांना फोन करतो आणि पोलिसांनाही लांबून ते खरंच वाटतं.