झडपेवर वनस्पती?

प्रश्न : इको रिपोर्टमध्ये ‘माइट्रल व्हॉल्व्हवर व्हेजिटेशन’ असं लिहिलंय. मराठीत ‘झडपेवर वनस्पती’ म्हणावं का? आणि यावर उपचार काय?

उत्तर : मुळीच म्हणू नका! हे भाषांतर पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी तिडीक जाते. हृदयात गवत उगवत नाही. झडपेच्या दुखावलेल्या जागी बिंबिका (प्लेटलेट) आणि रक्त गोठवणारं फायब्रिन हे प्रथिन साचतात, रक्तातून आलेले जीवाणू तिथे ठाण मांडतात आणि त्या सगळ्याचा ठिसूळ गोळा होतो, तो व्हेजिटेशन. त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात.

या आजाराचं नाव एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा दाह. त्या शब्दाची फोड कुणीही करील, ती सोडा. खरी मजा लॅटिन ‘वेजेतुस’मध्ये आहे. अर्थ : तरतरीत, जोमदार. झाडपाला फार नंतर चिकटला. ‘व्हिगर’ आणि जागं होण्याचा ‘वेक’ हे त्याचे भाऊबंद, आणि पोकोर्नी या भाषाशास्त्रज्ञाच्या व्युत्पत्तिकोशानुसार आपला ‘वाज’सुद्धा! वाज म्हणजे बळ. वाजीकरण त्यातलंच, वज्रही त्याच घरातलं. ‘वेग’ही याच गोत्रातला असावा असं मला फार वाटतं. व्युत्पत्तिकार तो ‘विज्’ धातूच्या पदरात टाकतात, टाकोत बापडे.

‘मांसांकुर’ सुचवणाऱ्या पंडितांना एवढंच विचारतो : यात मांस कुठाय? आयुर्वेदात तो शब्द मूळव्याधीच्या मोडांना आहे, तिथेच शोभतो. नुसता ‘अंकुर’ मात्र चालेल.

हिरवा रंग हवाच असेल तर तो जीवाणूत शोधा. हा आजार करणाऱ्यांपैकी तोंडात राहणाऱ्या एका गटाचं नाव ‘व्हिरिडन्स’, म्हणजे हिरवं करणारे. प्रयोगशाळेत रक्तमिश्रित अगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) वाढताना ते भोवती हिरवट कडं उमटवतात.

हां, उपचार. रेंगाळणारा ताप, हृदयाच्या ठोक्यांत नव्याने ऐकू येणारी मर्मर (जादा फुसफुस आवाज), कधी नखांखाली रक्ताच्या बारीक रेघा, असं दिसलं की संशय घ्यायचा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्ताचे किमान 3 कल्चर (जीवाणू वाढवून ओळखण्यासाठीचे नमुने) घेतात; आधीच गोळ्या घेतल्या असतील तर जीवाणू सापडतीलच असं नाही. मग शिरेतून औषध, बहुधा 4 ते 6 आठवडे. एवढं लांबतं, कारण व्हेजिटेशनच्या पोटातले जीवाणू सुस्तावलेले असतात, आणि वाढत्या जीवाणूंना मारणारं औषध त्यांच्यावर नीट चालत नाही. नाव जोमाचं, भाडेकरू पेंगुळलेले! झडपच निकामी झाली, तर शस्त्रक्रिया.