देव आपल्यात राहतो, हे कामाच्या धबडग्यात लक्षात कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी उपासनेत देव जवळ वाटतो, पण सोमवारी कामाला लागलं की संध्याकाळपर्यंत त्याची आठवणसुद्धा होत नाही. मोबाईलवर दर तासाला अलार्म लावून पाहिला, तोही आठवड्याभरात कंटाळून बंद केला. मग पवित्र आत्मा, म्हणजे देवाचा आत्मा, माझ्यात राहतो हे खरं धरायचं का, आणि धरायचं तर ती जाणीव टिकवायची कशी?

सलाम. मी पाळक नाही, बायबल कॉलेजात शिकलेलीही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची पऱ्हाटी (कापूस)-तुरीची शेती आहे, विहिरीच्या भरवशावर थोडा हरभरा. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच आणि चर्च तालुक्याला. आठवड्याचे सहा दिवस ना घंटा ऐकू येते, ना पाळकसाहेब दिसतात. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे.

आधी पहिला भाग. जाणीव होत नाही म्हणून देव नाही, असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की देवाचा आत्मा विश्वासणाऱ्यांमध्ये वस्ती करतो. तुम्हाला तसं वाटत असेल तर, अशी अट तो घालत नाही. उलट त्याच अध्यायाच्या २६व्या वचनात म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतःच कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. तुम्ही धान्य निवडत असता, गिऱ्हाईक सांभाळत असता, बसमध्ये लटकत असता, तेव्हाही त्याचं काम सुरूच असतं. ते तुमच्या आठवणीवर अडून बसलेलं नाही.

करिंथकरांना लिहिलेलं त्याचं पहिलं पत्र तर मला फारच उपयोगी पडलं. ‘तुम्ही देवाचं मंदिर आहात’ हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो आणि दिवाणखान्यात लावतो. पण ते लिहिलं कुणाला? ३ऱ्या अध्यायात ते मंडळीत तट पाडून भांडणाऱ्यांना लिहिलं आहे. ६व्या अध्यायात शरीर हे आत्म्याचं मंदिर आहे असं सांगितलं, ते वेश्येकडे जाणाऱ्यांना. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हीच मंडळी एकमेकांना कोर्टात खेचत होती. पौल त्यांना ‘तुमच्यातून आत्मा निघून गेला’ असं म्हणत नाही. तो तुमच्यात राहतो आणि तुम्ही हे काय चालवलंय, असा त्याचा सूर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की ही जाणीव आपण चुकीच्या जागी शोधतो. डोळे मिटून छातीत काही ऊब वाटते का, हे तपासत बसतो. आत्म्याला खिन्न करू नका, असं इफिसकरांस ४:३० मध्ये म्हटलंय. त्याच्या मागची-पुढची वचनं वाचा. खोटं बोलणं, राग धरून ठेवणं, चोरी, घाणेरडं बोलणं, कडूपणा, सगळा व्यवहार माणसामाणसांतला आहे. आत्म्याला जिथे दुखतं तिथेच तो आपल्याला जाणवेल ना?

आमच्याकडे ती जागा म्हणजे कापसाचा काटा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. मजूर बायांना किलोमागे मजुरी असते. संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला ताणकाटा टांगतात, बाया आपापली गाठोडी घेऊन ओळीनं बसतात, आणि काट्यापाशी वही घेऊन मी. काटा साडेसतरावर थांबला की वहीत सतरा लिहायचं, ही कितीतरी गावांतली रीत. वरचं अर्धं मालकाचं. कुणी त्याला चोरी म्हणत नाही. दव असतं, कचरा येतो, गाठोड्याच्या फडक्याचं वजन असतं, कारणं हजार सापडतात. पण याकोबाच्या पत्रात ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं. वही माझ्या मांडीवर, काटा डोळ्यासमोर, आणि ज्याच्या कानी ते ओरडणं जातं तो माझ्यातच वस्तीला. मग लिहायचं काय? गेल्या हंगामात एकीनं विचारलंच, “काऊन वो वैनी, तुमच्याकडे अर्ध्याचाबी हिशेब लावता?” मी म्हटलं, “वेचलं तू, मग लिहू कोनाच्या नावावर?” यापुढे मी तिला काही सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. सगळ्याच ठिकाणी सुवार्ता सांगायला बसलं पाहिजे असं मला वाटत नाही.

काट्यापाशी मला देवाची जाणीव ‘होते’ का, असं विचाराल तर बहुतेक वेळा काही विशेष वाटत नाही. पाठ दुखत असते, मच्छर चावत असतात. पण पेन टेकवण्याआधी मनात एक वाक्य येतं, ‘प्रभू, हे तूच लिही.’ तेवढंच.

घरात सासरे ओट्यावर बसलेले असले तर सून दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बघत नाही, तरी तिचा आवाज बेताचा राहतो. (देव सासऱ्यांसारखा धाकात ठेवतो असं मी म्हणत नाही, सासऱ्यांच्या आत्म्यास शांती असो.) सतत त्याचाच विचार करत राहणं कुणालाच जमत नाही. त्यानं ते मागितलंय असंही मला कुठे दिसत नाही.

छोट्या वाक्याची गोष्ट मात्र जुनी आहे. जुन्या करारातला नहेम्या हा राजाचा सेवक, त्याला द्राक्षारस देत होता. राजानं विचारलं, तुला काय पाहिजे? उत्तर देण्याआधी त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच बोलला (२:४). राजासमोर उभं राहून माणूस किती वेळ प्रार्थना करणार? श्वासभर. इजिप्तच्या वाळवंटातले जुने साधू स्तोत्र ७० चं पहिलंच वचन, देवाला मदतीला धावून ये म्हणणारं, काम करताना पुन्हा पुन्हा म्हणत. जॉन कॅसियन या साधूनं ते ५व्या शतकात लिहून ठेवलंय. सुखात, भीतीत, भुकेत, झोप येत नसताना, सगळीकडे तेच एक वचन.

आमच्याकडे हे रात्रीच्या लाईनीला कामी येतं. शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मध्यरात्री वावरात जावं लागतं. मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली की आधी आत टॉर्च मारून साप-विंचू पाहायचा, मग हात घालायचा. पलीकडे रानडुकरं तुरीत घुसल्याचा आवाज येत असतो. अशा वेळी लांबलचक प्रार्थना कुणाला सुचेल? “प्रभू, तू हायेस ना,” एवढंच तोंडातून निघतं. पेटीत हात घालताना मी ते म्हणते, घरचे आता त्यावर हसतात.

कुणी म्हणेल, हे आपलं नामस्मरण झालं, ख्रिस्ती माणसानं असं करावं का? मत्तय ६:७ मध्ये येशूनं व्यर्थ बडबड करू नका असं सांगितलंय, हे खरं. पुष्कळ बोललं की देव ऐकेल असं समजणाऱ्यांबद्दल ते आहे. एक वाक्य मनापासून शंभरदा म्हणणाऱ्याला ते लागू पडत नाही. आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी अभंग-कीर्तनाला बिचकू नये. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही ख्रिस्ताला अभंगातच आळवलं. आमच्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना लाऊडस्पीकरवर सुरू होते. आम्हाला तीच घंटा. ती ऐकू आली की आम्ही हातातलं काम ठेवून आमची प्रार्थना करतो.

या शेजाऱ्यांकडूनच एक प्रश्न हमखास येतो: आमच्यातही आत्म्यात परमात्मा म्हणतात, मग फरक काय? मी इतकंच सांगते की आमच्या विश्वासाप्रमाणे माझा आत्मा देव नाही. जो माझा नव्हता तो येऊन राहिलाय, पाहुणा म्हणून नाही, राहायलाच. योहान १४:२३ मध्ये येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे मी आणि पिता येऊन वस्ती करू. म्हणून तर बोलायला कुणीतरी आहे. नाही तर मी माझ्याशीच बोलत बसले असते.

विसरण्याबद्दल. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट या ख्रिस्ती संन्याशांच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक जण होते. आधी सैनिक, पायानं अधू, मठात काम मिळालं स्वयंपाकघराचं, तेही त्यांना मुळात नावडतं. भांड्यांच्या खडखडाटातही देव प्रार्थनेइतकाच जवळ असतो, असं ते सांगत. पण त्यांच्याच पत्रांत असंही आहे की सुरुवातीची दहा वर्षं त्यांना फार जड गेली. आठवण सुटली की स्वतःला कोसत न बसता सरळ परत वळायचं, एवढीच त्यांची युक्ती होती. तुम्ही आठवड्याभरात निराश झालात, म्हणून हे सांगितलं.

एक गोष्ट वेगळी ठेवा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, महिनोन्‌महिने सगळं राखाडी वाटत असेल, तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा समजू नका. डॉक्टरांना दाखवा. विदर्भात आम्ही ‘प्रार्थना कर, ठीक होईल’ असं म्हणून घालवलेली माणसं पाहिली आहेत.

अलार्म बंद केलात ते बरं केलंत. दर तासाला वाजणारी गोष्ट कान ऐकेनासे होतात. त्याऐवजी दिवसातली अशी एक जागा शोधा जिथे तुमचा तोल हमखास जातो किंवा हात आखडतो. तुमचं काम काय ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुकान असेल तर उधारीवालं गिऱ्हाईक, नोकरी असेल तर हाताखालच्या माणसाला झापायची वेळ, घरी असाल तर पोराचा अभ्यास. तेवढ्या एकाच जागी, तोंड उघडण्याआधी, एक वाक्य. महिनाभर त्यात दुसरं काही वाढवू नका. मग काय झालं ते इथेच लिहा, वेचणी आटोपली की वाचेन.