बाल्कनीतलं लेट्यूस : आधी गारवा, मग खत

सप्टेंबरपासून तीन वेळा लेट्यूस पेरलं, एकदाही उगवलं नाही. बी खराब असेल का? (डोंबिवली)

बी चांगलं असण्याचीच शक्यता जास्त आहे. लेट्यूस थंडीतलं पीक. मातीचं तापमान 15 ते 20 अंश असलं की ते चांगलं उगवतं. 27-28 अंशांच्या वर गेलं की बऱ्याच वाणांचं बी ओल मिळूनही झोपून राहतं. तुमच्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये पेरण्यात अर्थ नाही, नोव्हेंबरचा मध्य उजाडू द्या. फारच घाई असेल तर ओल्या टिश्यू पेपरवर बी पसरून, डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि संध्याकाळी पेरा.

दुसरी चूक होते ती खोलीची. या बियाला उगवायला उजेड लागतो. मेथीसारखं ते मातीत दाबू नका. वर भुरभुरलेला चिमूटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे, इतकं की त्यातून बी अधूनमधून दिसलं पाहिजे. पाणी स्प्रेच्या बाटलीनेच द्या. झारीची धार पडली की सगळं बी वाहून कुंडीच्या एका कडेला गोळा होतं.

रोपं उगवली, पण लांब-बारीक होऊन आडवी पडतात. (पुणे)

लांबट आणि फिकी असतील तर उजेड कमी पडतोय. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी हलवा. पण रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक आणि तपकिरी होऊन कोलमडत असेल, तर ती बुरशी आहे. अशी रोपं काढून टाका, पाणी कमी करा आणि उरलेल्यांची विरळणी करा म्हणजे मध्ये हवा खेळेल.

जानेवारीपर्यंत पानं छान होती. फेब्रुवारीत कडू झाली आणि मधून दांडा वर आला. कोणतं खत देऊ? (छत्रपती संभाजीनगर)

कोणतंच नको. तुमचं लेट्यूस फुलावर आलंय. ऊन तापलं, दिवस मोठा झाला की झाड पानं वाढवायचं सोडून बी धरायच्या तयारीला लागतं. दांडा मोडून पाहा, पांढरा चीक येईल. कडवटपणा त्या चिकातूनच येतो. एकदा दांडा धरला की पानं परत गोड होत नाहीत, खताने तर नाहीच. कोवळी पानं आज काढून घ्या आणि कुंडी मोकळी करा.

पुढच्या हंगामात सगळं लक्ष मुळं गार ठेवण्यावर द्या. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात हाताला चटका देते, आणि लेट्यूसची मुळं वरच्या थरातच असतात. ती कुंडी जरा मोठ्या कुंडीत बसवा, मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. मातीची कुंडी असेल तर उत्तमच, तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि ती आपोआप गार राहते. बाल्कनी पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ग्रीन नेट हवंच. वाणही सुट्या पानांचं निवडा. आइसबर्ग या गड्डा धरणाऱ्या लेट्यूसला तो भरायला बराच काळ थंडी लागते. आपल्याकडच्या बाल्कनीत मी तो लावायला सांगत नाही.

जीवामृत पानांवर फवारलं तर चालेल का? (कोल्हापूर)

नाही. या बाबतीत मी हट्टी आहे. पालक, मेथी आपण शिजवतो. लेट्यूस कच्चं खातो. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. त्यात ताजं शेण असतं आणि त्यातले रोगजंतू पानांच्या सुरकुत्यांत अडकले तर नुसत्या धुण्याने जातीलच असं नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ही जोखीम घेऊच नये. ताज्या शेणाचं पाणी मुळाशीही घालू नका, कारण खालची पानं मातीला टेकलेली असतात. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत लावणीआधीच मातीत मिसळा, साधारण तिसरा हिस्सा. एवढ्यावर हे पीक निघतं.

पानांखाली हिरवा मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसतोय. (ठाणे)

सकाळी पान उलटं करून पाण्याचा जोरदार फवारा मारा, तीन-चार दिवस रोज. कडुनिंबाच्या तेलाची चव पानांवर रेंगाळते, म्हणून ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. फार माखलेली पानं सरळ तोडून टाका.

कुंडी किती खोल हवी आणि पानं कधी काढायची? (नाशिक)

सहा ते आठ इंच खोली पुरते, त्यामुळे तळाला भोकं पाडलेलं फळांचं थर्माकोलचं खोकंही चालतं. दोन रोपांत सात-आठ इंच अंतर ठेवा. पानं पसाभर झाली की बाहेरची तेवढी कात्रीने कापा, मधला कोंब राखा. तोच पुढचे चार-पाच आठवडे पानं देत राहतो. कापणी सकाळी लवकर करा, कारण उन्हात काढलेलं पान टेबलावर येईपर्यंत मलूल होतं. आलंच मलूल, तर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा.