३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटरसाठी ग्राफिक्स कार्ड: आधी पिक्सेल मोजा, मग घरची लाइन बघा

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी. मॉनिटर घेऊन झालाय: ३४ इंची, ३४४० बाय १४४०, १६५ हर्ट्झ. मशीनमध्ये रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटची साधी पॉवर सप्लाय आणि जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. घर दारव्हा तालुक्यात, खोलीत कूलर, विजेच्या लाइनचा भरवसा नाही. खेळता सायबरपंक, फोर्झा होरायझन ५, एल्डन रिंग आणि काउंटर-स्ट्राइक २. आणि नवं कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय की एएमडीचं आरएक्स ९०७०, यात अडकलात.

मी म्हणेन आरएक्स ९०७० घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायमध्ये आणि यूपीएसमध्ये घाला. ५०७० टीआय सुमारे १५ ते २० टक्के वेगवान आहे, त्यात वाद नाही. पण ते ३०० वॉटचं कार्ड आहे आणि ९०७० आहे २२० वॉटचं. हे ८० वॉट पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत कोणी मोजत नाही. आपल्याकडे मोजावे लागतात.

आधी मॉनिटरचा हिशोब. ३४४० बाय १४४० म्हणजे ४९.५ लाख पिक्सेल. साध्या २५६० बाय १४४० मध्ये (म्हणजे १४४०पी) ३६.९ लाख असतात, फोर-केमध्ये ८२.९ लाख. म्हणजे तुमचा मॉनिटर साध्या १४४०पी पेक्षा ३४ टक्के जड आणि फोर-केच्या साठ टक्के. बहुतेक रिव्ह्यूत अल्ट्रावाइडचे आकडे नसतात. तेव्हा १४४०पी चा आकडा घ्यायचा आणि ०.८ ने गुणायचा. तिथे सेकंदाला १०० फ्रेम दिसत असतील तर तुमच्याकडे ७८-८० धरा. हा गुणाकार कार्डावर ताण असतानाच लागू पडतो. प्रोसेसर आधीच थकलेला असेल तर आकडा फारसा हलत नाही.

१६५ हर्ट्झ आहे म्हणून प्रत्येक गेममध्ये १६५ फ्रेम हव्यातच असं नाही. मॉनिटरमध्ये ॲडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या वेगाने चित्र बदलायची सोय) असेल तर साधारण ४८ पासून वर चित्र फाटत नाही, आणि ९० ते ११० फ्रेमवर सायबरपंक किंवा फोर्झा अगदी लोण्यासारखं चालतं. ९०७० तेवढं देतं, सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा हिशोब) बंद ठेवून. पाथ ट्रेसिंगच, म्हणजे त्याचं सगळ्यात जड रूप, हवं असेल तर मात्र एनव्हिडियाची बाजू वरचढ आहे, तिथे माझा सल्ला बदलेल. एल्डन रिंगसाठी कोणतंही कार्ड घ्या, ती ६० फ्रेमवर बांधलेली आहे आणि अल्ट्रावाइडवर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या राहतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये आधी थकेल तो तुमचा ५६००. गेम चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर अडकला असेल तर प्रोसेसर, आणि तेव्हा महागड्या कार्डाचे पैसे वाया.

एक गोष्ट आजच बघून घ्या. रॅमच्या पट्ट्या दोन आहेत की १६ जीबीची एकच? गावाकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये एकच पट्टी फार दिसते. एका पट्टीवर मेमरीची रुंदी अर्धी होते आणि ५६०० चे फ्रेम अडखळतात. तशीच दुसरी पट्टी टाकणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

कार्डाच्या मेमरीबाबत तडजोड नको. ८ जीबीचं कार्ड या रिझोल्यूशनला घेऊच नका. टेक्स्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) वाढवलं की सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण मधूनमधून झटके बसतात, कारण न मावलेला माल रॅममधून ओढावा लागतो. १२ जीबीवर भागतं, १६ वर निवांत. आरटीएक्स ५०७० १२ जीबीचं आहे आणि २५० वॉटचं, म्हणून ते ९०७० च्या मागे ठेवतो. बजेट कमी असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालंच, १६० वॉट. आरटीएक्स ५०६० टीआय तुमच्या बोर्डावर टाळा: ते बोर्डाशी बोलायला आठच लेन वापरतं, आणि बी४५० चा पीसीआय स्लॉट तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे रस्ता आणखी अरुंद होतो. ९०७० आणि ९०६० एक्सटी दोन्ही सोळा लेनची आहेत.

आता लाइन. २२० वॉट कार्ड, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह मिळून ५०, पॉवर सप्लायची गळती आणि मॉनिटर धरून भिंतीतून ४४० वॉटच्या आसपास ओढ होते. ५०७० टीआय घेतलं तर ५३०. १००० व्हीएचा यूपीएस साधारण ६०० वॉट झेलतो. त्यावर ४४० आरामात बसतात, ५३० ला जागाच उरत नाही, कारण कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं. त्या उडीला यूपीएस ओव्हरलोड समजून बंद पडतो आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो.

व्होल्टेज मोजल्याशिवाय काहीच घेऊ नका. मल्टिमीटर आणा आणि आठवडाभर संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान भिंतीवरच्या स्विचबोर्डातलं व्होल्टेज लिहून ठेवा, घरोघरी कूलर आणि मोटारी सुरू असतात तेव्हा. ४४० वॉटला २३० व्होल्टवर १.९ अँपिअर लागतात, १७० वर २.६. करंट वाढला की सप्लाय तापते आणि ढिली पिन, जुनी वायर तिथेच काळी पडते. पॉवर सप्लायच्या स्टिकरवर इनपुट वाचा. १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच सप्लायवर २०० ते २४० असतं, लाइन डिम झाली की त्या मान टाकतात. ९०७० साठी ६५० वॉट, ८० प्लस गोल्ड (कमी गळतीचा दर्जा), शक्यतो एटीएक्स ३.० किंवा ३.१ (कार्डाच्या उड्या झेलणारा नवा मापदंड). आताची ५५० वॉटची साधी सप्लाय पुढे ओढू नका.

यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह (बॅटरीवर न जाता व्होल्टेज सावरणारा) आणि प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लाट देणारा) हवा. चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (करंट नीट ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर गेल्याक्षणी अशी सप्लाय कधीकधी बंद पडते. इनपुट रेंज १४० पासून असेल तर वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर तोही साइन वेव्हचाच हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो, सप्लाय तोवर तग धरत नाही, मशीन रीस्टार्ट होतं. आणि गावातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला तर सिंगल फेज घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारा, दोन-तीन मिनिटं थांबून परत जोडणारा प्रोटेक्टर मीटरनंतर बसवून घ्या.

आर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला उलट्या बोटाने हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आर्थिंग नाही. सप्लायच्या फिल्टरमधून येणारी किंचित गळती जमिनीत न जाता बॉडीवर बसते. अशा बॉडीला चालू मॉनिटरची केबल जोडताना पोर्ट जळू शकतो. मशीन जोडायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून खड्डा आणि वायर नीट करून घ्या.

उन्हाळा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी चाळीसच्या वर तापमान असतं, आणि कार्ड खोलीपेक्षा चाळीसेक अंश गरम चालतं. ९०७० मालिकेत मेमरी कोरपेक्षाही (मुख्य चिपपेक्षा) बरीच तापते, म्हणून फक्त कोरचा आकडा बघून समाधान मानू नका. एएमडीच्या ॲड्रिनलिन ॲपमध्ये परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, तिथे कस्टम निवडा. पॉवर लिमिट उणे १० टक्के, व्होल्टेज उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू करा, आणि तासभर सायबरपंक चालवा. गेम बाहेर पडला तर उणे ३० वर या. फ्रेम नावापुरत्या कमी होतात, उष्णता आणि पंख्याचा आवाज मात्र जाणवण्याइतके उतरतात.

कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. दमट हवेचं तितकं भय नाही, चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असतं. भय आहे ते उडणाऱ्या थेंबांचं: बोअरच्या जड पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा साचतो. कूलर खिडकीत, कॅबिनेट झोताबाहेर, टेबलावर, जमिनीवर नाही. सोयाबीन आणि तुरीची मळणी चालते त्या दिवसांत बारीक भुसा घरात येतो, कापसाच्या दिवसांत तंतू. तंतू वाईट, ते कार्डाच्या पंख्यामागे पातळ पत्र्यांवर गादीसारखे बसतात आणि बाहेरून दिसत नाहीत. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटका, महिन्या-दीड महिन्याने ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो वेगात फिरला तर बेअरिंग खराब होतं.

जोडणी करताना कार्डाला सप्लायपासून दोन वेगळ्या आठ पिनी वायरी द्या, एकाच वायरची दोन तोंडं नकोत. जुन्या सप्लायच्या सुट्या वायरी नव्या सप्लायला कधीही लावू नका, तोंड बसतं पण आतली पिनरचना वेगळी असते, आणि बोर्ड जळू शकतो. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी आधी टेपने मोजा, बरीच मॉडेल्स ३०० मिलिमीटरच्या वर आहेत. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यात अबव्ह फोरजी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार चालू करा, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते.

मॉनिटर डिस्प्लेपोर्टनेच जोडा. मॉनिटरचा एचडीएमआय २.० असेल तर या रिझोल्यूशनला १०० हर्ट्झच्या आसपास अडकतो. बॉक्समधली केबल वापरा. बाजारातल्या काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये २० नंबरची पिन जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरची वीज कार्डात उलटी येते आणि मशीन विचित्र वागतं. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १६५ निवडा, नाहीतर महिनोन्‌महिने ६० वरच खेळाल. फ्रेमची मर्यादा १६० ठेवा, म्हणजे सिंक सुटत नाही. जड गेममध्ये एफएसआर ४ (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी एएमडीची सोय) क्वालिटीवर चालवा. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) मुळात ६० च्या वर फ्रेम असतील तरच लावा.

खरेदी नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीला, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, सीलपासून सीरियल नंबरपर्यंत एका दमात. विक्रेत्याला सरळ विचारा, वॉरंटी भारतातली आहे का आणि कार्ड कुठे जमा करायचं.

१६६० सुपर विकू नका. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. नवं कार्ड वॉरंटीत गेलं की परत येईपर्यंत पडदा काळाच राहील. ते अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा, कूलरच्या खोलीत नको.