रोज प्रार्थना करते, तरी काळजी जात नाही

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही परतूरकडचे, कोरडवाहू शेती. सोयाबीनचं काही खरं राहिलं नाही, कधी पाऊस ओढ देतो तर कधी ऐन काढणीच्या टायमाला शेंगा भिजून मोड फुटतात. सोसायटीचं कर्ज आहे, पोरगा संभाजीनगरला नर्सिंगला आहे त्याची फी राहिलीय. रात्री दोन-तीनला जाग येते, छातीत धडधड होते आणि मग झोपच नाही. रोज गुडघे टेकते तरी काळजी जात नाही. चर्चमधल्या एक बाई म्हणाल्या, काळजी करणं म्हणजे अविश्वास, पाप आहे. तेव्हापासून प्रार्थनेला बसायचीच भीती वाटायला लागलीय. घरचे म्हणतात डॉक्टरला दाखव. गोळ्या घेतल्या तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?
— एक बहीण, जालना जिल्हा

उत्तर : ताई, सलाम. आधी तर देव तुमच्यावर नाराज आहे हे मनातून काढून टाका. त्या बाईंनी चांगल्या मनानंच सांगितलं असेल, पण आधीच ओझ्यानं वाकलेल्या माणसावर त्यांनी अजून एक ओझं ठेवलं, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही.

गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू काय म्हणाला बघा, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय. तीन शिष्यांना सांगितलं की माझ्यासोबत जागे राहा, आणि तीच विनंती बापाकडे तीनदा केली. मग तुम्ही तेच तेच दहा रात्री मागितलं तर त्यात अविश्वास कुठून आला?

आता फिलिप्पैकरांस पत्रातलं ते वचन, ४:६, कशाविषयीही चिंता करू नका. बहुतेक तेच तुम्हाला ऐकवलं असेल. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता, सुटका होईल का मरण येईल हे त्यालाही माहीत नव्हतं. आणि हाच पौल करिंथकरांना लिहितो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर येऊन पडते (२ करिंथ ११:२८). म्हणजे चिंता त्यालाही होती, फक्त ती तो देवाकडे नेत होता. पुढचं ७ वं वचन पण वाचा, तिथं जे मागाल ते लगेच मिळेल असं लिहिलेलं नाही, देवाची शांती तुमचं अंतःकरण राखील असं लिहिलंय. पुष्कळदा आपण काळजी जावी म्हणून प्रार्थना करतो आणि ती गेली का नाही हेच तपासत बसतो, त्यानं जीव अजून घाबरा होतो.

म्हणून मोघम मागू नका. सोसायटीचा हप्ता, लेकराची फी, वावरातलं सोयाबीन, एकेक नाव घेऊन सांगा, मोठ्यानं सांगा, आपल्या घरात बोलतो तसं सांगा, चर्चमधली जड मराठी नको. रडू आलं तर रडा, १३ वं स्तोत्र वाचा, दावीद तर सरळ विचारतो देवा किती दिवस. रात्री जाग आली की १२१ वं स्तोत्र हळू म्हणा. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही असं त्यात आहे, तो जागा आहे तर तुम्ही झोपलात तरी चालतं.

आणि प्रार्थनेनंतर आपल्या वाटचं काम. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, ४ थ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू चालून यायला निघाले तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा पण बसवला, एकाच वचनात दोन्ही आहे. तुमचा पहारा म्हणजे सोसायटीत जाऊन कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून, होतं का ते विचारणं, आणि पोराला महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर शिष्यवृत्तीचा फॉर्म बघायला लावणं. जातीचा, उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला असेल तर आधी तो काढा.

डॉक्टरचं म्हणाल तर नक्की दाखवा. एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला रागावलं नाही, उपदेश पण केला नाही, आधी भाकर-पाणी दिलं आणि झोपू दिलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. धडधड थायरॉइडनं होते, रक्त कमी असलं तरी होते, म्हणून तपासणी करून घ्या, आणि गोळ्या दिल्या तर सांगितल्याप्रमाणे घ्या, मनानं बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री तीनलाही लागतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण मला राहवत नाही. तुमचे मालक कसे आहेत? कर्ज दोघांचं आहे आणि आपल्या मराठवाड्यात गडीमाणूस कर्जाचं घरात बोलत नाही, आतल्या आत कुढत राहतो, त्याचं पुढं काय होतं ते आपण गावोगावी बघितलंय. आज जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा, तुम्हाला झोप का येत नाही ते सांगा, त्यांना येते का विचारा, मग दोघं मिळून प्रार्थना करा, ते चर्चला येत नसले तरी नुसतं शेजारी बसू द्या. आणि ते "आता काही राहिलं नाही", "मी नसलेलाच बरा" असं काही बोलायला लागले तर वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, पाळकसाहेबांना आणि भावकीतल्या जवळच्या माणसाला त्याच घडीला बोलावून घ्या, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.