इतिहासातला सर्वात भयानक तुरुंग कोणता? गोव्यातला आग्वाद तुरुंग मुलांना दाखवण्यासारखा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, दाखवा. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय, की ‘आग्वादमधले बरेच सत्याग्रही दीड-दोन वर्षांत सुटले, मग अंदमानपुढे ते काय?’, ते मी आमच्याच घरात चाळीस वर्षं ऐकत आलोय. आमच्याकडे दीड-दोन वर्षंही नाहीत, चार महिने आहेत.

माझे आजोबा पेडणे महालातल्या एका गावी मराठी शाळेचे मास्तर. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवरच्या पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळीबार केला, त्यानंतर धरपकड वाढली. महिनाअखेरीस शाळेच्या कौलांखाली पत्रकं सापडली आणि आजोबांना उचललं. खटला नाही, वकील नाही. आग्वादही नाही, एका पोलीस ठाण्याची कोठडी. दत्तजयंतीच्या सुमारास घरी आले.

आजीला भेटू देत नव्हते, पण कपड्यांची परवानगी होती. दर शनिवारी माझे थोरले काका, तेव्हा अकरा वर्षांचे, धुतलेला सदरा-धोतर पिशवीतून देऊन यायचे आणि मळलेले घेऊन यायचे. आजी त्या कपड्यांवरून आठवडा वाचायची. एकदा बाहीवर पेज सांडलेली दिसली तर तिला बरंच वाटलं, म्हणजे जेवण पोचतंय. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी सदरा धुतलेला आला. साबण कुठला असणार, नुसता पाण्यातून काढलेला, न पिळता गुंडाळलेला, कुबट वास मारणारा. आजी तो हातात घेऊन मागल्या दारच्या पायरीवर बसली. ज्या माणसाने लग्नानंतर स्वतःचा रुमालही धुतला नव्हता, त्याने सदरा का धुतला हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. खांद्याखाली पाठीवर फिकट तांबूस राहिलंच होतं. तिने तो पुन्हा धुतला, वाळवला, आणि पुढच्या शनिवारी तोच पाठवला. दुसरा नवा होता, तो पाठवायला तिचा हात होईना.

आता तुमचा ‘इतिहासातला’ भाग. तुरुंग म्हणजे ठरावीक वर्षांची शिक्षा ही समजूत तशी अलीकडची. उल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताने लिहून ठेवलंय की तुरुंग माणसाला धरून ठेवण्यासाठी असतो, शिक्षेसाठी नाही. म्हणजे शिक्षा पुढे वेगळी, फाशी, फटके, हद्दपारी किंवा गलबतावर वल्हवणं, आणि तोवर कोठडी. किती दिवस, ते ज्याने कोंडलं त्याच्या मर्जीवर. अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं कैद ही पद्धत युरोपात रुळली अठराव्या-एकोणिसाव्या शतकात.

आमच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. जुन्या गोव्यातल्या त्यांच्या वाड्याला लोक ‘ओर्लें घर’ म्हणत, मोठं घर. तिथे आरोपीला आरोप सांगत नसत, तक्रार कोणी केली तेही नाही. तुझं तूच आठव आणि कबूल कर. शार्ल देलों हा फ्रेंच डॉक्टर दमणला पकडला गेला, १६७४ च्या जानेवारीत गोव्याला आणला गेला, त्याचा निकाल लागला जानेवारी १६७६ ला. त्याने कोठडीत जीव द्यायचा प्रयत्न केला. सुटल्यावर हे सगळं त्यानेच लिहिलं म्हणून आपल्याला ठाऊक.

पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात कागद जास्त होते, गोष्ट तीच. राजकीय कैद्याची शिक्षा संपली तरी ‘सुरक्षा उपाय’ म्हणून सहा महिने ते तीन वर्षं आणखी ठेवायचं, आणि तेही पुन्हा वाढवायचं, अशी सोय १९५६ च्या कायद्यात होती. मग शिक्षेचा आकडा काय कामाचा? गोवा मुक्तीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना १९४६ ला आठ वर्षं ठोठावून पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेलं. मुक्तिसंग्रामातल्याच मोहन रानड्यांना २६ वर्षं. ते लिस्बनजवळच्या काशियसमधून सुटले १९६९ ला, गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर! इकडे आम्ही निवडणुकांत मतं टाकत होतो आणि ते तिकडे आतच. लोकांना आकडेच हवे असतील तर हा आकडा निदान पाठ असावा.

आणि आणखी एक. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, तीन हजारांवर सैनिक आमच्याकडे युद्धकैदी होते, ते परत गेले मे १९६२ ला. सालाझारला ते हरून जिवंत राहिलेत हेच पसंत नव्हतं, त्यामुळे न्यायचं लांबत गेलं. पाच महिने. ‘फक्त पाच महिने’ असं त्यांना कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

काका म्हणायचे. स्वतःच्या बापाला. चवथीला सगळे जमले की जेवणं झाल्यावर निघायचंच, “बाकीचे दोन-दोन वर्षं सडले, हे चार महिन्यांत कसे सुटले? काहीतरी बोलले असणार.” सुटकेच्या दिवशी काका पिशवी घेऊन तिथेच होते. आजोबांनी एका कागदावर सही केलेली त्यांनी पाहिली. कागद पोर्तुगीजमध्ये, आणि आजोबांचं पोर्तुगीज ‘बों दीय’ म्हणून नमस्कार करण्यापुरतं. काय लिहिलं होतं ते त्यांनाही कळलं नव्हतं. तो माफीनामा असेल, नसेल. पुढे शाळेतली पोरं काकांना ‘फुटक्या मास्तराचो’, म्हणजे फितूर मास्तराचा, म्हणून चिडवायची, हे मला फार उशिरा कळलं. तरी माझं मत आहे तेच आहे: ज्याने तो धुतलेला सदरा स्वतःच्या हाताने घरी आणला, त्याने हे बोलायला नको होतं.

अंदमान कमी होतं असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. आणि आग्वादला मधु लिमये, नानासाहेब गोरे यांच्यासारखी बाहेरची नावाजलेली माणसं होती, म्हणून त्याचा बोभाटा झाला हेही खरं. ठाण्यांच्या कोठड्यांतल्या गावठी मास्तरांचा कुठे होतो?

तर, जा. वर दीपगृहापाशी फोटो काढून लोक परततात, तसं करू नका. तुरुंग खाली समुद्राच्या अंगाला आहे, त्याची वाट वेगळी. २०१५ पर्यंत तिथे साधे कैदी होते, मग त्यांना कोलवाळला हलवलं आणि आता संग्रहालय आहे. मुलं विचारतीलच ‘किती वर्षं?’, सांगा. पण ‘सुटायची तारीख त्यांना माहीत होती का’ हेही त्यांना विचारायला शिकवा. आमच्या काकांना ते कोणी शिकवलं नाही.

पेन्शनचं राहिलं. केंद्राच्या योजनेत किमान सहा महिने तुरुंगवास लागतो. आजोबांचा अर्ज भरताना कचेरीतला कारकून म्हणाला, “मास्तर, सहा लिहा, त्या ठाण्याची दप्तरं आता कोण उघडतोय?” अर्ज काका भरत होते. त्यांनी ‘सुमारे सहा महिने’ लिहून टाकलं. आजोबांनी पेन मागून घेतलं, ‘सहा’ खोडून ‘चार’ केलं, मग ‘सुमारे’ही खोडलं, आणि दोन्ही ठिकाणी शेजारी सही केली, मराठीत. अर्ज नामंजूर झाला.

त्याची प्रत अजून काकांच्याच कपाटात आहे. मी दोनदा मागितली, देत नाहीत.