परीक्षकांसमोर चित्र जाण्यापूर्वी

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहणारी निवृत्त शिक्षिका असून आठ वर्षे जलरंगात देवळे, तळी आणि कुळागरे (पोफळी-नारळांच्या बागा) रंगवते. निवड समिती असलेल्या प्रदर्शनांसाठी दोनदा प्रवेशिका पाठवली. दोन्ही वेळा फोटोंच्या फेरीतच चित्रे नाकारली गेली. माझे काय चुकत असावे? निवड झालीच, तर चित्र विक्रीसाठी कसे तयार करावे आणि किंमत किती लावावी?

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले फोटो मी लक्षपूर्वक पाहिले. तळ्याच्या चित्रात पाण्यावरून एक पांढरी रेघ आडवी गेलेली दिसते. ती आपण रंगवलेली नाही, ते काचेत उमटलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब आहे. चित्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा रुंद दिसते आणि कुळागराचा हिरवा रंग निळसर झाला आहे. पहिल्या फेरीत परीक्षकांपुढे मूळ चित्र नसते, हा फोटोच असतो, आणि शेकडो प्रवेशिकांमध्ये त्याला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून फ्रेम करण्यापूर्वीच फोटो काढावा. चित्र व्हरांड्यातल्या सावलीत उभे करून, कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर समोरासमोर ठेवून, फ्लॅश न वापरता थोड्या अंतरावरून तो घ्यावा आणि कडेपर्यंत नीट कापावा. मग मूळ चित्र संगणकाच्या पडद्याशेजारी धरून रंग ताडून पाहावेत. फोटो मुद्दाम भडक करू नये, कारण पुढच्या फेरीत मूळ चित्र फिके ठरले तर झालेली निवडही हातची जाऊ शकते.

चित्रांच्या निवडीबद्दलही मनापासून सांगावेसे वाटते. दीपमाळ आणि तळी यांची चित्रे गोव्यातल्या परीक्षकांपुढे दर वर्षी येतात. आपल्या संचात मात्र पोफळींच्या खोडांमधून पाटाच्या पाण्यावर पडलेल्या कवडशाचे एक लहान चित्र आहे, आणि तसे पाणी मी दुसऱ्या कोणाच्या कामात पाहिलेले नाही. तीन प्रवेशिका पाठवायच्या असतील, तर तिन्ही याच धाटणीच्या असाव्यात. कला अकादमीचे राज्य कलाप्रदर्शन असो, १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी असो की ललित कला अकादमीचे राष्ट्रीय प्रदर्शन, प्रत्येकाची नियमावली वेगळी असते. चित्र किती जुने चालते, आकारमर्यादा फ्रेमसह आहे की फ्रेमविना, पूर्वी प्रदर्शित झालेले काम चालते का, हे अर्ज भरण्याआधी वाचावे.

आता विक्रीची तयारी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत जलरंगाचा खरा शत्रू दमटपणा आहे. माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) न घालता काच थेट कागदावर बसवलेले माझे एक चित्र मी पावसाळ्यानंतर उघडले, तेव्हा आकाशाचा एक तुकडा काचेला चिकटून निघून आला आणि उरलेल्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके होते. ते चित्र वाचले नाही. तेव्हा कागद आणि काच यांच्यात आम्लरहित माउंट हवेच. चित्र माउंटला सेलोटेपने चिकटवू नये, कारण तो पिवळा पडून कागदात उतरतो; पातळ कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावाव्यात. फ्रेमच्या पाठीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना छोटे रबरी ठोकळे लावले, तर ओल्या भिंतीपासून हवा खेळती राहते. पाठीवर शीर्षक, माध्यम, वर्ष, आपले नाव आणि आकार लिहावा. आकारात आधी उंची आणि मग रुंदी. चित्र लांब पाठवायचे असेल, तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट वापरावी.

किमतीचा हिशेब उलट्या बाजूने करावा. कलादालनांचे कमिशन साधारणपणे ३० ते ५० टक्के असते. समजा, आपण १२,००० रुपये लावले आणि कमिशन ४० टक्के आहे, तर हाती ७,२०० येतील. त्यांतून फ्रेम आणि वाहतुकीचे ३,००० गेले की आपल्या कामाचे ४,२०० उरतात. ते पटत नसेल, तर किंमत आताच बदलावी. दालनात एक आणि घरी येणाऱ्या ग्राहकाला दुसरी, असे मात्र कधीही करू नये. दालनाचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही आणि आधी पूर्ण किंमत मोजून चित्र नेणाऱ्यावरही तो अन्यायच असतो.

प्रश्न : माझे चित्र विकत घेतलेल्या गृहस्थांनी ते शुभेच्छापत्रांवर छापले. त्यांना तसा अधिकार आहे का? (मडगावच्या एक वाचक)

उत्तर : चित्र विकले म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क देण्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. एरवी तो कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्यांना आधी पत्राने तसे कळवावे आणि यापुढे पावतीवर ‘पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे’ अशी ओळ घालावी. मात्र चित्र त्यांच्याच सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढले असेल, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क त्यांचा ठरतो. म्हणून सांगून काढवलेल्या चित्रांबाबत काम हाती घेण्यापूर्वीच हे कागदावर आणावे.